नानजिंगचा पाचवा दरवाजा

गड चढलेल्या माणसाला परदेशातला किल्ला दाखवू नये. तो दर बुरुजापाशी थांबतो आणि ‘आमच्याकडे ना’ म्हणून सुरू होतो. मी त्यातलाच. चीनमधल्या नानजिंग शहराच्या तटबंदीचा चोंगह्वा दरवाजा समोर होता, जुलैचं ऊन डोक्यावर होतं, आणि मी हिला रायगडाच्या महादरवाजाची गोमुखी, म्हणजे बुरुजांआड वळणात दडवलेली, बांधणी समजावत होतो. हिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “तिकीट निघालं का?”

तिकीट फोनवर काढायचं होतं, पासपोर्टवर आहे तस्संच नाव भरून. तिथली नावं दोन-तीन अक्षरांत आटोपतात. आपलं नाव म्हणजे मालगाडी. आधी आपण, मग वडील, मग आडनाव. फोनने माझे वडील निम्म्यात कापले. हिच्या नावात वडिलांच्या जागी मी, तोही निम्माच. तिकिटं मात्र निघाली. पैसे घेताना यंत्राला नाव कधीच लांब वाटत नाही.

आत जायच्या अडसरापाशी पासपोर्ट ठेवला. लाल दिवा. पुसून ठेवला. लाल दिवा. मागे पन्नासेक छत्र्यांची रांग. एक कोवळा पहारेकरी आला, दोन्ही पासपोर्ट आलटून पालटून वाचत राहिला आणि मग स्वतःच्या फोनशी काहीतरी बोलला. फोनमधली बाई गोड हिंदीत म्हणाली, “आपके पिताजी कहाँ हैं?”

“पुण्यात,” मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

मग हिचा पासपोर्ट. चीनमध्ये बाई लग्नानंतर आपलं नाव-आडनाव बदलत नाही. त्यामुळे बायकोच्या नावात नवरा काय करतोय, हे त्याला उलगडेना. फोनबाईने विचारलं, “यह व्यक्ति आपके अंदर क्यों है?” ही इतकी हसली की रांगेतल्या एका आजीबाईंनी तिला पंख्याने वारा घातला. तीस वर्षांत हा प्रश्न आपल्याला कसा सुचला नाही, असं काहीसं तिच्या चेहऱ्यावर होतं.

शेवटी त्याने आमची नावं एका वहीत, पासपोर्टात बघून, एकेक अक्षर करत उतरवून घेतली आणि बाजूचं फाटक उघडलं. पाच मिनिटं लागली. त्यात सगळ्यात जास्त वेळ वडिलांना.

आत शिरलो आणि माझं ‘आमच्याकडे’ बंद पडलं. एकामागे एक चार दरवाजे, मध्ये तीन बंदिस्त चौक. शत्रू पहिल्यातून आत आला की वरून झडप सोडायची, आणि तो चौकात कोंडला गेला की चहूकडून बाण. आपल्या दरवाजांत पहारेकऱ्यांसाठी देवड्या असतात. इथे २७ भुयारी दालनं आहेत आणि त्यांत तीन हजार सैनिक मावत, असं सांगतात. आम्ही दोघं एका दालनात सावलीला टेकलो, कारण आदल्या दिवशी चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सन यत-सेन यांच्या समाधीच्या ३९२ पायऱ्या चढून गुडघ्यांनी असहकार पुकारला होता. डिसेंबर १९३७ मध्ये जपानी तोफा याच दरवाजावर चालल्या. पुढे शहरात जे हत्याकांड घडलं त्यावर बोलवत नाही. आम्हीही थोडा वेळ गप्प बसलो.

वर जाताना ही भिंतीपाशी थांबली. हातभर लांबीच्या विटेवर अक्षरांच्या ओळीच ओळी उमटलेल्या. शेजारच्या फलकावरून उलगडा झाला. १३६८ साली गादीवर आलेला मिंग सम्राट चू युआनचांग मूळचा गरीब शेतकऱ्याचं पोर, कामचुकारांना ओळखून असणारा. विटा यांगत्से नदीच्या काठच्या गावागावांतून यायच्या, आणि प्रत्येकीवर जिल्हा, तालुका, देखरेखीचा अधिकारी, कारकून, मुकादम, भट्टीवाला आणि शेवटी प्रत्यक्ष वीट पाडणारा, अशी सगळी साखळी. वीट कच्ची निघाली की कुणाला धरायचं ते विटेवरच लिहिलेलं.

हिने बोटाने ओळी मोजल्या. मग आपला पासपोर्ट त्या विटेशेजारी धरून फोटो काढला आणि म्हणाली, “बघ, हिला नाही कुणी अडवलं.”