सायलेन्सरमधलं प्लॅटिनम खरं, पण घरच्या तेजाबाची कृती जीवघेणी

आमच्या गावाकडच्या ग्रुपवर एकच मेसेज आतापर्यंत तीनदा फिरून आला. त्यातला दावा थोडक्यात असा: प्रत्येक जुन्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये दहा-पंधरा ग्रॅम प्लॅटिनम असतं, ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) आणि एअरबॅगच्या वायरिंगमध्ये सोनं असतं, स्पार्क प्लगच्या टोकालाही प्लॅटिनम असतं. भंगारवाले हे लपवतात, आणि घरच्या घरी तेजाबात दोन तास ठेवलं की धातू सुटा होतो. मी दुर्लक्ष केलं असतं. पण कराडला गॅरेजमध्ये काम करणाऱ्या माझ्या मावसभावाने तेजाबाच्या दोन बाटल्या आणूनही ठेवल्या. आमचं घर विट्याकडचं, गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यातलं. दोन मामांचं आयुष्य मूस आणि तेजाब यांतच गेलं. त्यामुळे गप्प बसवत नाही.

‘प्रत्येक जुन्या गाडीत दहा-पंधरा ग्रॅम प्लॅटिनम असतं.’

आधी कुठली गाडी ते बघा. प्लॅटिनम असतं ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या धुरातले विषारी वायू निवळणाऱ्या डब्यात. आपल्याकडे नव्या पेट्रोल मोटारींना हा कन्व्हर्टर सक्तीचा झाला तो १ एप्रिल १९९५ पासून, तोही फक्त दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत. देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागायला २००० साल उजाडलं, आणि शिसं असलेल्या पेट्रोलवर कन्व्हर्टर टिकतच नाही, कारण शिसं त्यातला उत्प्रेरक निकामी करतं. म्हणजे १९९५ च्या आधीची पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर किंवा कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० कापून बसाल, तर हाती फक्त पत्रा येईल. गाडीच्या शेपटाकडे दिसतो तो मोठा डबा आवाज कमी करणारा सायलेन्सर. कन्व्हर्टर त्याच्या पुढे, इंजिनाजवळ किंवा गाडीच्या पोटाखाली असतो.

ज्या गाड्यांत तो आहे, त्यांतही साधारणपणे प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असे तिन्ही धातू मिळून दोन ते सहा ग्रॅम भरतात. आपल्या छोट्या गाड्यांत त्याहूनही कमी, आणि दुचाकीत तर ग्रॅमचा अंश. पेट्रोल गाड्यांत गेली बरीच वर्षं मुख्य वाटा पॅलेडियमचा राहिला आहे. प्लॅटिनम डिझेल गाड्यांत जास्त.

मेसेजमध्ये या धातूंचा जो भाव दिलाय, तोही जुना आहे. ऱ्होडियम २०२१ च्या मार्चमध्ये औंसाला २९ हजार डॉलरच्या आसपास गेलं होतं, आणि २०२३ मध्ये ते पाच हजारांच्याही खाली आलं. औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम. त्या एका महिन्याच्या भावाने हिशेब मांडला की कुणाचेही डोळे फिरतील.

‘आत चमकतं ते प्लॅटिनम. लोहचुंबक चिकटलं नाही की समजा अस्सल.’

चमकतं ते स्टेनलेस स्टील. ते काही प्रकारांत चुंबकाला चिकटतं, काहींत नाही, त्यामुळे ही परीक्षा फुकट. कन्व्हर्टरच्या आत मधाच्या पोळ्यासारखी मातकट-करडी सिरॅमिकची जाळी असते. तिच्यावर अ‍ॅल्युमिना आणि सेरिया (अ‍ॅल्युमिनियम आणि सेरियम यांची ऑक्साइडं) यांचा खडबडीत थर चढवलेला असतो आणि त्या थरात हे धातू इतक्या सूक्ष्म कणांनी विखुरलेले असतात की साध्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. दिसायला लागले तर उत्प्रेरक म्हणून त्यांचा उपयोगच उरणार नाही, कारण त्यांचं सगळं काम पृष्ठभागावर चालतं. खरी ओळख दोनच रीतींनी पटते: बाहेरच्या पत्र्यावर ठोकलेला कंपनीचा क्रमांक, आणि जाळी दळून, एकजीव करून घेतलेल्या नमुन्याची प्रयोगशाळेतली तपासणी.

‘घरी तेजाबात टाका, दोन तासांत धातू वेगळा.’

या वाक्यासाठी एवढं लिहायला बसलो. यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच ते घातक आहे. सोऱ्याचं (नायट्रिक) आणि मिठाचं (हायड्रोक्लोरिक) या दोन तेजाबांच्या मिश्रणात, म्हणजे अम्लराजात, दळलेल्या जाळीतलं थोडं प्लॅटिनम आणि पॅलेडियम विरघळतं, हे खरं. पण ऱ्होडियम जवळपास तसंच राहतं. वर्षानुवर्षं तापून त्याचा काही भाग अ‍ॅल्युमिनात जाऊन बसलेला असतो. आणि जे विरघळतं त्याच्यासोबत अ‍ॅल्युमिनियम, सेरियम, लोखंड असं सगळंच उतरतं. दोन ग्रॅमसाठी बादलीभर गढूळ, उकळतं तेजाब हाती राहतं.

गलाईशी याची तुलना करणाऱ्यांना माझं सांगणं आहे. सोनं शुद्ध करताना सोऱ्याच्या तेजाबात चांदी विरघळते आणि सोनं तळाला राहतं. हवा तो माल डोळ्यांसमोर असतो, धुऊन मुशीत घातला की लगड तयार. इथे उलटं आहे. हवा तो माल पाण्यात नाहीसा होतो आणि नको तो चिखल तळाला बसतो.

आणि धूर. तो तांबूस धूर म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. त्याचा दगा असा की सुरुवातीला फक्त खोकला येतो, घसा चुरचुरतो, मग बरं वाटतं. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसांत पाणी भरतं. माझे थोरले मामा खिडकी नसलेल्या खोलीत वर्षानुवर्षं या धुरात बसले. शेवटची काही वर्षं ते आडवे होऊन झोपू शकले नाहीत, भिंतीला उशी लावून बसल्या बसल्या रात्र काढायचे. त्या काळी कुणी सांगणारं नव्हतं. आज माहिती असताना पोरांना हीच कृती पाठवणं मला सहन होत नाही.

प्लॅटिनमचा आणखी एक धोका सोन्याच्या कामात नसतो. तेजाबात तयार होणाऱ्या त्याच्या क्लोरीनयुक्त क्षारांनी दमा जडतो. शुद्धीकरण कारखान्यांतल्या कामगारांचा हा जुना, नोंदलेला आजार आहे. एकदा शरीराला त्या क्षारांची अ‍ॅलर्जी जडली की पुढे अत्यल्प धूळही पुरते. जाळी फोडताना उडणारी ‘माती’ आणि जाळीभोवतीच्या गादीचे सिरॅमिक तंतू श्वासात जातात ते वेगळंच.

‘तेजाब नको तर गलाईवाल्याकडे वितळवून घ्या.’

सोनं १०६४ अंशांना वितळतं, प्लॅटिनम १७६८ ला, ऱ्होडियम १९६४ ला. गलाईची भट्टी त्या कामाची नाही. कारखान्यात जाळी दळून दीड हजार अंशांच्या वर विजेच्या किंवा प्लाझ्माच्या भट्टीत वितळवतात, सोबत तांबं किंवा लोखंड घालतात. मौल्यवान धातू त्यात उतरतात, सिरॅमिकची मळी वर तरंगते. पुढे ते वेगळे करायला आणखी कितीतरी पायऱ्या. बेल्जियममधल्या होबोकेनला युमिकोर कंपनीचा कारखाना जुन्या कन्व्हर्टरमधून हे धातू परत काढतो. आपल्याकडे नवी मुंबईत ‘हिंदुस्थान प्लॅटिनम’ ही कंपनी या धातूंच्या शुद्धीकरणात आहे. त्यांना ते परवडतं, कारण टनांनी माल येतो. एक किलो जाळीत दोन ग्रॅम धातू धरला तर टनाला दोन हजार ग्रॅम होतात. दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीत टनामागे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके ग्रॅम सापडतात. म्हणून हा डबा फेकू नये, हे मात्र मला पूर्ण मान्य.

‘ईसीयू, एअरबॅग, प्लग, रिले: सगळीकडे सोनं-प्लॅटिनम-चांदी.’

आहे, पण किती? अर्धा मायक्रॉन जाडीचा सोन्याचा मुलामा एक चौरस सेंटिमीटरवर असेल तर तो साधारण एक मिलिग्रॅम भरतो. एका ग्रॅमला असे हजार चौरस सेंटिमीटर लागतील, आणि कनेक्टरच्या एका पिनचा मुलामा दिलेला भाग एका चौरस सेंटिमीटरचा जेमतेम दहावा-विसावा हिस्सा. इरिडियम प्लगचं बारीक टोक काही मिलिग्रॅमचं. आपल्या बहुतेक जुन्या गाड्यांत तर साधे निकेलचेच प्लग. रिलेच्या टोकांत चांदी असते खरी. पण जुन्या रिलेंत तिच्यासोबत कॅडमियम असतं, आणि ते तापवल्यावर निघणारा धूर विषारी. न फुटलेल्या एअरबॅगला तर हातच लावू नका, त्यात स्फोटक असतं.

‘भंगारवाला लुबाडतो.’

काही लुबाडतात. त्यावर उपाय मात्र साधा आहे. कन्व्हर्टर अख्खा ठेवा, कापू नका, फोडू नका. क्रमांकाचा फोटो काढून दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. बाजारात मिळणाऱ्या बदली डब्यात मूळ डब्यापेक्षा धातू बराच कमी असतो, तेव्हा भाव कमी सांगितला म्हणून लगेच चोर ठरवू नका. पूर्ण गाडीच मोडीत काढायची असेल तर २०२१ च्या नियमांनुसार नोंदणी झालेल्या स्क्रॅपिंग केंद्रात द्या, ठेव प्रमाणपत्र (गाडी मोडीत दिल्याचा दाखला) मिळतं. कागदाविना कुणी सुटे डबे आणून दिले तर घेऊ नका. मारुतीच्या इको व्हॅनचे सायलेन्सर रातोरात कापून नेल्याच्या बातम्या गुजरात-महाराष्ट्रात पुरेशा आल्या आहेत, आणि चोरीचा माल घेणाराही आरोपी होऊ शकतो.

ज्यांनी मावसभावासारखं तेजाब आधीच आणलंय, त्यांनी ते मोरीत ओतू नये. दोन्ही बाटल्या एकमेकींपासून लांब, उभ्या, कुलपात ठेवा. ब्लीचिंग पावडरच्या आसपास तर नकोच. दुकानदार परत घेत नसेल तर ओळखीच्या गलाईवाल्याला विचारा, त्याच्या रोजच्या कामातलीच वस्तू आहे. नेताना बाटल्या वेगवेगळ्या बादल्यांत ठेवा, आणि दोन खेपा करा.