खुलासा : मॉडिफाइड पिकअप ट्रकला '५०० हॉर्सपॉवर लागतेच' हे खरं नाही

'पिकअप मॉडिफाय करून रस्त्यावर चालवायची तर इंजिन किमान ५०० हॉर्सपॉवरचं हवं, नाहीतर पैसे पाण्यात' असा मेसेज सध्या फिरतोय. हौस म्हणून ५०० हवी असेल तर खुशाल करा, पण 'लागतेच' हे चूक आहे.

साधा हिशोब करू. सुमारे २२०० किलोची पिकअप सपाट रस्त्यावर ताशी १०० किमीने धावते तेव्हा हवेचा आणि टायरचा विरोध मोडायला साधारण ३० ते ३५ हॉर्सपॉवर पुरते. बाकीची ताकद ओव्हरटेक, चढ आणि ओझ्यासाठी. तिथेही कामाला येतो तो कमी आरपीएमवरचा (आरपीएम म्हणजे इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. २००० आरपीएमला ४०० न्यूटन-मीटर मिळत असेल, तर त्या क्षणी इंजिन जेमतेम ११२ हॉर्सपॉवर देत असतं, आणि तरीही गाडी दमदार वाटते. ब्रोशरमधला मोठा आकडा बहुतेक वेळा वरच्या आरपीएमचा असतो. रोजच्या रस्त्यावर तिथवर काटा जातो कधी?

मॉडिफाय केल्यावर 'गाडी मेली', म्हणजे ओढ गेली, ही तक्रार बऱ्याचदा टायरमुळे असते. ३१ इंचाऐवजी ३५ इंची टायर घातले की गिअरिंग सुमारे १३ टक्क्यांनी लांबतं, म्हणजे चाकाच्या एका फेरीत गाडी जास्त पुढे जाते, पण ओढ कमी होते. ॲक्सलचा मूळ गिअर रेशो (चाकाच्या एका फेरीमागे शाफ्टच्या फेऱ्या) ३.७३ असेल तर ४.१० किंवा ४.३० चा क्राउन-पिनियन, म्हणजे ॲक्सलमधली गिअरची जोडी, बसवा, इंजिनला हात न लावता ओढ परत येते. शिवाय रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका. जास्त ताकद दिली तर चाकं नुसती जागीच फिरतात. ब्रेक, क्लच, कूलिंगचा खर्च वेगळाच.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.