‘एक पालक’ यांच्या प्रतिक्रियेस उत्तर

सप्रेम नमस्कार.

सोलापूरच्या पूर्व भागातील सातवी-आठवीच्या मुलांना उन्हाळी वर्गात अमेरिकेचे यादवी युद्ध त्या काळातील मूळ कागदपत्रांमधून कसे शिकवले, याविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण ‘एक पालक’ या नावाने प्रतिक्रिया दिली आहे. ज्या वाचकांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी तिचा गाभा आपल्याच शब्दांत देते: “बाई, पूर्व भागातील मुलांना मराठी धड वाचता येत नाही, त्यांच्यापुढे कुठल्या तरी परदेशी युद्धाची पत्रे टाकून आपली हौस भागवू नका. बारा वर्षांच्या मुलाला काय घडले ते सांगावे लागते.” याखेरीज कागद निवडणार मी आणि भाषांतर करणार मी, मग निष्कर्ष मुलांचे कसे, असे आपण विचारता, सोलापूरचा १९३० चा मार्शल लॉ, म्हणजे ब्रिटिशांनी शहरावर लादलेला लष्करी अंमल, सोडून अमेरिका कशाला, असेही विचारता, आणि युद्धातील मृताचे छायाचित्र वर्गात दाखवल्याबद्दल नाराजी व्यक्त करता.

मतभेद मला नवीन नाहीत. परंतु मुलांविषयी लिहिताना त्यांच्या वस्तीचा उल्लेख ज्या सुरात आपण केला आहे त्या सुराची दखल घेतल्याशिवाय मी राहणार नाही. मी स्वतः पूर्व भागात वाढले. आमच्या घरी तेलुगू बोलत, मराठी मी शाळेत शिकले. आमच्या गल्लीतील बहुतेक बायका घरी बिड्या वळत आणि त्यांच्यापैकी फारच थोड्यांना वाचता येई. त्यामुळे कारखान्याची नोटीस, भविष्यनिर्वाह निधीचा कागद, रेशन कार्यालयाचे पत्र असे काही आले की शाळेत जाणाऱ्या मुलीला हाक मारली जाई आणि ती मुलगी बहुधा मीच असे. नोटिशीत काय लिहिले आहे एवढे सांगून माझी सुटका होत नसे. सही कोणाची आहे, तारीख कोणती आहे, मागच्या वेळी हेच लिहिले होते का, तेव्हा वेगळे लिहिले असेल तर आता का बदलले, असे प्रश्न त्या बायका मला विचारत. इतिहासाची पदवी मी पुढे घेतली. कागदाला प्रश्न विचारण्याची पद्धत मात्र अंगठा उठवणाऱ्या बायकांकडून शिकले. तेव्हा या वस्तीतील मुलांना काय झेपते याचा निर्णय आपण न दिलेला बरा.

आता आपल्या त्या वाक्याकडे येते. बारा वर्षांच्या मुलाला काय घडले ते सांगावे लागते, हे खरेच आहे आणि ते मी सांगतेही. माझा लेख शेवटपर्यंत वाचला असता तर आपणास हे दिसले असते. पहिल्या दिवशी मुलांना एक पान मिळते. त्यावर १८६० च्या नोव्हेंबरमधील लिंकनची निवड, डिसेंबरमध्ये साउथ कॅरोलायनाचे संघराज्यातून बाहेर पडणे, तिच्यामागून दक्षिणेतील आणखी दहा राज्यांचे जाणे, १२ एप्रिल १८६१ रोजी तेथील फोर्ट समटर या किल्ल्यावर झालेला तोफांचा मारा, १८६५ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचा सेनापती ली याची शरणागती, सहा लाखांहून अधिक सैनिकांचा मृत्यू आणि त्याच वर्षअखेरीस घटनादुरुस्तीने संपलेली गुलामगिरी, एवढे सगळे तारखांसह दिलेले असते. त्या पानावर एकच गोष्ट मी मुद्दाम लिहीत नाही, ती म्हणजे हे सारे का घडले. काय घडले ते शिक्षकाने सांगावे. का घडले ते, जिथे कागद उपलब्ध आहेत तिथे, त्या काळच्या माणसांच्या तोंडून आधी ऐकावे, असा माझा आग्रह आहे. आपण या दोन्ही गोष्टी एकाच गाठोड्यात बांधून टाकल्या आहेत.

आणि या युद्धाच्या बाबतीत तो आग्रह विशेष लागू पडतो, कारण हरलेल्या पक्षाने युद्ध संपल्यावर आपले कारण बदलले. अलेक्झांडर स्टीफन्स हा दक्षिणेकडील बंडखोर सरकारचा उपाध्यक्ष होता. २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना येथील भाषणात त्याने, काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हे सत्य हीच आपल्या नव्या सरकारची कोनशिला आहे, असे सांगितले. तोच स्टीफन्स युद्धानंतर लिहिलेल्या ग्रंथात सांगतो की झगडा राज्यघटनेचा आणि राज्यांच्या अधिकारांचा होता, आणि वृत्तपत्रात आलेले आपले भाषण नीट टिपून घेतलेले नव्हते, अशी तक्रारही करतो. हे दोन्ही उतारे मी तारखा झाकून मुलांसमोर ठेवते आणि कोणता आधीचा असेल ते विचारते. आठवीतील एका मुलीने बरोबर ओळखले आणि कारण दिले ते असे: पहिल्या कागदातला माणूस आपल्याच लोकांपुढे बोलतो आहे, दुसऱ्यातला परक्यांना समजावतो आहे. हे वाक्य मी तिच्या तोंडी घातलेले नाही. “युद्धाचे कारण गुलामगिरी होते” असे मी फळ्यावर लिहून दिले असते तर तिने ते पाठ केले असते, आणि उद्या कोणी दुसऱ्या फळ्यावर “राज्यांचे अधिकार” असे लिहिले असते तर तेही पाठ केले असते.

मिसिसिपी राज्याने १८६१ च्या जानेवारीत बाहेर पडण्याची कारणे छापून प्रसिद्ध केली. आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे, असे त्या कागदात सुरुवातीलाच म्हटले आहे, आणि थोड्याच ओळींनंतर असा युक्तिवाद येतो की निसर्गनियमच असा आहे की उष्ण कटिबंधातील ऊन काळ्या वंशाखेरीज कोणाला सोसत नाही. एप्रिल महिना होता, पंखा बंद होता, सोलापूरचे ऊन आपणास सांगायला नको. त्या ओळीवर वर्ग खो-खो हसला. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला की ज्यांना ऊन सोसत नव्हते त्यांनी उन्हातला कापूस पिकवायचे ठरवलेच का. संदर्भ कळत नाही, भाषा कळत नाही, असे आपण कोणत्या मुलांविषयी लिहिले आहे ते मला खरोखर समजले नाही.

जॉर्डन अँडरसनच्या पत्राचा तर आपण उल्लेखही केलेला नाही, आणि लेखाचा अर्धा भाग त्याच्यावर होता. टेनेसीतील गुलामगिरीतून सुटून ओहायोतील डेटन येथे स्थायिक झालेल्या या माणसाला त्याच्या जुन्या मालकाने परत कामावर बोलावले. ७ ऑगस्ट १८६५ च्या उत्तरात, जे त्याने सांगून लिहवून घेतले, तो अत्यंत नम्रपणे मागचा पगार मागतो: आपली ३२ वर्षे, महिना २५ डॉलरप्रमाणे, आणि पत्नी मँडीची २० वर्षे, आठवड्याला २ डॉलरप्रमाणे. एकूण ११,६८० डॉलर. मुलांनी वहीत गुणाकार करून रक्कम पडताळली आणि ती बरोबर निघाली. पुढे तो म्हणतो की यातून आमच्या कपड्यांचा खर्च, डॉक्टरच्या तीन फेऱ्या आणि मँडीचा एक दात काढल्याचे पैसे वजा करा. “म्हणजे ह्यांच्याकडेपण कापून घेतात,” असे ज्या मुलाने म्हटले त्याची आई बिड्या वळते. नापास बिड्यांचे पैसे कापले गेले की घरात काय बोलणे होते हे त्याला माहीत आहे. हे पत्र त्याला समजायला मराठीचे व्याकरण आड आले नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करते. ३५ मिनिटांच्या तासिकेत हे बसत नाही. उन्हाळी वर्गात वेळेचे बंधन नसते, नियमित शाळेत असते, आणि तिथे एका कागदापेक्षा जास्त काही हाती घेणे कठीण आहे. आपली हरकत एवढीच असती तर मी आभार मानून थांबले असते.

बाकीच्या मुद्द्यांसाठी फार जागा खर्च करत नाही. कागद मी निवडते, हे खरे. पाठ्यपुस्तकही कोणीतरी निवडूनच तयार करते आणि त्याबद्दल आपली प्रतिक्रिया माझ्या वाचनात नाही. सातवी-आठवीच्या पुस्तकांत ‘इतिहासाची साधने’ हे प्रकरण आहे, त्यातील भौतिक, लिखित, मौखिक हे प्रकार मुले घडाघडा म्हणतात, आणि एकही साधन हातात न घेता वरच्या वर्गात जातात. मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले चार हुतात्मे यांच्यावर मी स्वतंत्र वर्ग घेते. सोलापूरच्या शिक्षिकेला त्याची आठवण करून देण्याची आवश्यकता नव्हती. आणि अमेरिकेशी आपला काय संबंध, हा प्रश्न विचारताना जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ कोणाला अर्पण केली हे एकदा पाहून घ्यावे. ते पुस्तक गुलामगिरी मोडणाऱ्या अमेरिकेतील लोकांनाच अर्पण केलेले आहे. त्याच युद्धात दक्षिणेकडील बंदरे अडवली गेली म्हणून मुंबईतील कापसाचे भाव आकाशाला भिडले आणि १८६५ मध्ये कोसळले, हे गिरण्यांवर वाढलेल्या शहरात तरी परके वाटू नये.

राहिले छायाचित्र. गेटिसबर्गच्या रणांगणावर जुलै १८६३ मध्ये छायाचित्रकार अलेक्झांडर गार्डनरच्या चमूने टिपलेल्या त्या चित्रातील सैनिकाचे शव दुसऱ्या जागेवरून उचलून दगडांच्या आडोशाला आणले होते आणि शेजारी बंदूक ठेवली होती, असे अभ्यासकांनी त्याच शवाची इतर छायाचित्रे ताडून दाखवले आहे. ज्या मुलांच्या घरी रोज मोबाईलवर खरीखोटी चित्रे येतात त्यांना हे दाखवायचे नाही, तर कोणाला दाखवायचे? आपल्या सूचनेचा विचार करून, लहान भावंडे वर्गात येऊन बसली असतील त्या दिवशी ते चित्र बाजूला ठेवीन. सातवी-आठवीच्या संचात ते राहील.