जपानचे शिक्षक मीटिंगा करत नाहीत म्हणे!

परवा आमच्या सासरच्या ग्रुपवर अण्णांनी, म्हणजे माझ्या चुलत सासऱ्यांनी, एक मेसेज टाकला. हेडिंग "झेडपीच्या गुरुजींची महिन्याची सहल", खाली सहा मुद्दे, शेवटी "जागरूक पालकांनी पुढे पाठवा". विषय शिक्षण परिषद, म्हणजे केंद्रातल्या दहाबारा शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा एका शाळेत जमतात ती. मी सतरा वर्षं झेडपीत शिकवतेय हे अण्णांना चांगलं माहितीय, तरी टाकला, आणि जाऊबाईंनी त्यावर टाळ्यापण वाजवल्या. संध्याकाळी तोच मेसेज आमच्या पालकांच्या ग्रुपवर आला म्हटल्यावर मात्र गप्प बसवेना.

"सरकारी खर्चाने चहा-जेवण." आमच्या केंद्रात पोह्यांची वर्गणी काढतात, मागच्या वेळी माझे 50 रुपये गेले. पुढे.

"खरा शिक्षक जन्माला यावा लागतो, त्याला दुसऱ्याकडून शिकायची गरज नसते." मग डीएड कशाला करायला लावलं बाबांनो?

आता तो मुद्दा ज्याच्यावर सगळे फिदा आहेत. "जपानचे शिक्षक मीटिंगांत वेळ घालवत नाहीत, दिवसभर वर्गात शिकवतात, म्हणून जपान पुढे." अहो, दुसरा कुठलाही देश घेतला असता तरी चाललं असतं! ओईसीडी म्हणून बऱ्याच देशांची मिळून एक संघटना आहे, तिचा टालिस नावाचा शिक्षकांचा सर्व्हे असतो, त्याचा 2018 चा रिपोर्ट काढून बघा. जपानमधले सातवी ते नववीचे शिक्षक आठवड्याला सरासरी 56 तास काम करतात आणि त्यातले प्रत्यक्ष शिकवायचे तास फक्त 18. बाकी वेळ तयारी, वह्या तपासणं, मुलांचे क्लब, कागदपत्रं आणि हो, सहकाऱ्यांसोबत बसणं. (56 तास ही काही कौतुकाची गोष्ट नाही, तिथले शिक्षक पिचलेत त्यानं, पण ते वेगळं.)

आणि त्याच जपानमध्ये "जुग्यो केंक्यू" म्हणून एक पद्धत शंभरहून जास्त वर्षं चालू आहे. चारपाच शिक्षक मिळून एक पाठ ठरवतात, मुलं कुठं अडखळतील त्याचा आधीच विचार करून टाचण काढतात, मग एकजण शिकवतो आणि बाकीचे वर्गात उभं राहून बघतात, शिक्षकाकडे नाही हां, मुलांकडे आणि त्यांच्या वह्यांकडे. नंतर सगळे बसून बोलतात. म्हणजे थोडक्यात मीटिंगच की हो अण्णा.

मेसेजमध्ये पुढे लिहिलंय की एकमेकांचे तास बघणं म्हणजे हेरगिरी. माझा स्वतःचा तास सांगते. तिसरीला हातच्याची वजाबाकी, 52 वजा 27. अर्धा वर्ग 35 लिहितो, कारण दोनातून सात जात नाहीत ना, मग पोरं सरळ सातातून दोन घालवतात. मी फळ्यावर तीनदा करून दाखवलं, मुलांनी "कळलं बाई" म्हटलं, मी खूश. मागे शेजारच्या शाळेचे सर बसले होते, ते नंतर म्हणाले, मॅडम, खिडकीजवळच्या मुलीनं चिंचोके मांडून 25 बरोबर काढले आणि वहीत मात्र 35 लिहिले. म्हणजे तिला वजाबाकी येत होती, चिंचोके आणि फळ्यावरची मांडणी ह्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे हे तिला मी दाखवलंच नव्हतं! फळ्याकडे तोंड करून मला ते कसं दिसणार होतं? पुढच्या आठवड्यात दहाचे गठ्ठे सुटे करून चिंचोके आणि वही शेजारी शेजारी ठेवून घेतलं, तेव्हा कुठं गाडी हलली. ह्याला हेरगिरी म्हणायचं तर म्हणा, मला असे हेर रोज पाठवा.

एक मान्य करते, नाइलाजानं. "परिषदेत नुसती माहिती गोळा करतात" हे अर्धं खरंय. यू-डायस (म्हणजे शाळेची सरकारला द्यायची आकडेवारी), पोषण आहार, आधार, कुठला तरी तक्ता आजच्या आज पाठवा, ह्यात दुपार जाते, वर आमच्याकडे केंद्रप्रमुखाचं पद रिकामं, एका मुख्याध्यापकाकडेच चार्ज, तो बिचारा परिपत्रकं वाचेल की तास बघेल? पण ह्याच्यावर उपाय परिषद बंद करणं हा कसा होतो? माहिती ऑनलाइन घ्या, दुपार आम्हाला द्या. साताऱ्याच्या कुमठे बीटात (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडची काही केंद्रं) विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी मिळून काम उभं केलं, ते बघायला राज्यभरातून शिक्षक गाड्या करून जात होते, भत्त्यासाठी नव्हे.

राहिला शेवटचा मुद्दा, "सगळं दीक्षा ॲपवर आहे, भेटायचं कशाला." आहे ना, शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे व्हिडिओ असतात ह्या सरकारी ॲपवर. व्हिडिओ चालू करून भाकऱ्या थापणाऱ्या बाया मला माहितीयत, त्यातली एक मीच. सर्टिफिकेट व्यवस्थित येतं. खिडकीजवळच्या मुलीचं 35 त्या व्हिडिओला दिसत नाही.

पुढची परिषद आमच्याच शाळेत आहे, तिसरीचाच तास आहे. अण्णा, मागच्या बाकावर जागा ठेवते, पोह्यांचे 50 रुपये मात्र आणा.