बुटीबोरीच्या शेडचं मॉडेल रखडलं, त्याबद्दल

नमस्कार साहेब,

इमारतीच्या सांगाड्यातली बलं काढणाऱ्या आमच्या प्रोग्रामला तुम्ही दोन स्टार दिलेत. लिहिलंत, की जुन्या आवृत्तीत चहा यायच्या आत सुटणारं बुटीबोरीच्या शेडचं मॉडेल नव्या आवृत्तीत पाऊण तास फिरत राहतं. 'ऑब्जेक्ट-ओरिएंटेडचं (कोड स्वतंत्र वस्तूंमध्ये बांधण्याचं) हे आयटीवाल्यांचं फॅड आमच्या माथी मारू नका,' असंही लिहिलंत. मॉडेल रखडतं हे अगदी खरं, आणि चूक आमची आहे.

तुमची फाईल मी स्वतः उघडून पाहिली. गेबलचे विंड कॉलम, म्हणजे शेडच्या टोकाच्या भिंतीवरचा वारा पेलणारे खांब, तुम्ही शेवटी टाकलेत, त्यामुळे नोड (सांधा) १२ थेट नोड ६११ ला जोडला गेला. एरवी जोडलेल्या नोडच्या क्रमांकांत वीस-पंचवीसचं अंतर असतं. ते सहाशेवर गेलं की समीकरणांच्या मॅट्रिक्समधली शून्य नसलेल्या आकड्यांची पट्टी तितकी रुंदावते, आणि सोडवण्याचं काम साधारण त्या रुंदीच्या वर्गाने वाढतं. त्यात ब्रेसिंग (तिरके ताण) टेन्शन-ओन्ली, फक्त ओढ घेणारं, म्हणजे भारांच्या प्रत्येक जुळणीला (लोड कॉम्बिनेशन) पुन्हा पुन्हा फेऱ्या. जुना प्रोग्राम कथिल-मकी पद्धतीने नोडना आतल्या आत नवे क्रमांक द्यायचा. नव्याने लिहिताना ती पायरी आमच्याकडून सुटली. दुरुस्त आवृत्ती आजच दिली आहे.

पण जुन्या कोडकडे मी परत जाणार नाही. त्यात मेंबरला, म्हणजे सांगाड्याच्या प्रत्येक दांडीला, प्रकार क्रमांक होते: १ ट्रस, २ बीम, ३ केबल. 'हा कोणता प्रकार?' हा प्रश्न कोडमध्ये चौदा ठिकाणी विचारलेला. टेन्शन-ओन्ली ब्रेसिंग चौथा प्रकार म्हणून घातलं तेव्हा तेरा ठिकाणी बदल केला, एक राहिलं. नेमकं रिॲक्शनच्या, म्हणजे पायाकडून येणाऱ्या बलांच्या, बेरजेतलं! हिंगण्याच्या एका इंजिनीअरनी आडव्या रिॲक्शन हाताने मांडून वाऱ्याच्या एकूण बलाशी ताडून पाहिल्या, जुळेनात. फूटिंगचं (पायाचं) काँक्रीट अजून पडायचं होतं म्हणून निभावलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता प्रत्येक मेंबर हा एक ऑब्जेक्ट आहे, स्वतःची माहिती आणि गणित स्वतःजवळ ठेवणारा. मुख्य प्रोग्राम त्याला फक्त 'तुझी स्टिफनेस (ताठरपणा) दे, तुझं बल दे' एवढंच विचारतो. तो ट्रस आहे की बीम, हे त्याचं त्याला ठाऊक. नवा प्रकार आणायचा तर एक नवा क्लास (ऑब्जेक्टचा साचा) लिहायचा, बाकी कोडला हात लावायचा नाही. भूकंपाच्या विश्लेषणासाठी बर्कलीत तयार झालेलं ओपनसीस हे सॉफ्टवेअर सी-प्लस-प्लसमध्ये याच विचाराने बांधलंय. तिथे नोडना क्रमांक देणारासुद्धा वेगळा ऑब्जेक्ट आहे, आणि आम्हीही आता तसाच केलाय. ज्याच्यावर लोक फूटिंग ओततात त्या आकड्यांसाठी मला हीच मांडणी हवी.

नवी आवृत्ती टाकून तीच फाईल चालवा. विंड कॉलमच्या पायथ्याच्या रिॲक्शन जुन्या उत्तराशी ताडून बघा आणि फरक दिसला तर, वेळ कोणतीही असो, मला फोन करा.