शून्यासकट पट्टी आणा

पाचवीला लांबी शिकवायची म्हणजे आधी पट्ट्यांचा मेळ बसवा. जूनमध्ये प्रत्येक कंपासपेटीत पंधरा सेंटिमीटरची धडधाकट पट्टी असते. मग तिच्याशी तलवारबाजी होते, तिच्यावर ठेवून खोडरबराचे तुकडे मागच्या बाकापर्यंत उडवले जातात, आणि लांबीचा धडा उघडतो तेव्हा कुणाची पट्टी तीनपासून सुरू होते, कुणाची अकरावर संपते. उरलेल्या पट्ट्या 'घरी राहिल्या' असतात.

पेन्सिल मोजा म्हटलं की अर्धा वर्ग एकपासून मोजतो. त्यात त्यांचं काय चुकलं? मोजायचं ते एकपासून, हे पहिलीत आपणच घोटून घेतलेलं असतं. बाकीचे पट्टीच्या कडेपासून मोजतात, म्हणजे कड आणि शून्य यांच्यामधली कोरी जागा पेन्सिलीच्या खात्यातून वजा. एकाच पेन्सिलीच्या तीन लांब्या निघाल्या. बरोबर उत्तर फक्त तुटक्या पट्टीवाल्याचं होतं. "बाई, तीनला लावलो, चौदाला संपली, तीन काढून टाकलो की. अकरा." त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं, पट्टीनंच शिकवलं. सगळ्यांच्याच पट्ट्या तीनपाशी मोडाव्यात असं फार वाटलं, पण पालकसभा जवळ आली होती.

मग कपाटावरची लाकडी मीटरपट्टी काढली. तिला पाहून पहिला बाक आपोआप मागे सरकला. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेत मारायला बंदी आली, त्याला किती वर्षं झाली! या मुलांनी मार खाल्लेलाच नाही, तरी ओळख रक्तातच. "पप्पांनी सांगितलेत," एक जण म्हणाला. पप्पा आमच्याच शाळेचे.

अंदाज हा या धड्याचा आत्मा, असं प्रशिक्षणात सांगतात. म्हणून विचारलं, आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत मिरवतात ती सजवलेली काठी, नंदीध्वज, किती उंच? "वायरीला लागतंय बाई." सोलापूर ते पुणे किती? "हुतात्मानं चार तास." मी म्हटलं, अरे, अंतर विचारलंय, वेळ नाही. "तेच की बाई, चार तास अंतर."

आता याला काय बोलणार? मीटरची आजची व्याख्याही वेळेवरच बेतलेली आहे. निर्वात पोकळीत प्रकाश एका सेकंदाच्या 29,97,92,458 व्या भागात जेवढं अंतर कापतो, तो एक मीटर, असं 1983 साली ठरलं. प्रकाशाच्या जागी हुतात्मा एक्सप्रेस घातली, एवढाच पोराचा फरक. त्याआधी फ्रेंचांनी उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर, असं ठरवून पाहिलं होतं. त्यासाठी डेलांब्र आणि मेशँ हे दोघे खगोलशास्त्रज्ञ 1792 मध्ये डंकर्क ते बार्सिलोना मोजायला निघाले, भर राज्यक्रांतीत. सहा-सात वर्षं खपूनही मीटर सुमारे 0.2 मिलिमीटर आखूडच निघाला. त्यांच्या मागे निदान 'धडा कुठवर आला?' विचारणारं कुणी नव्हतं.

खरी दमछाक दशांश चिन्हानं केली. 1 मीटर 5 सेंटिमीटर म्हणजे किती मीटर? अख्खा वर्ग एका सुरात: "एक पॉइंट पाच!" इथे पूर्वी रुपये-पैसे कामाला यायचे. एक रुपया पाच पैसे म्हटलं की डोक्यात उजेड पडायचा. पण चार आणे आणि त्याखालची नाणी 2011 मध्येच बंद झाली. या मुलांनी पाच पैसे बघितलेलेच नाहीत. त्यांच्या लेखी पैसे म्हणजे काउंटरवरचा चौकोन, त्याला फोन दाखवायचा.

शेवटी बालवाडीतून एकाची बहीण बोलावली. भिंतीला पाठ लावून उभी केली, डोक्यावर वही आडवी धरली, खडूची रेघ मारली. नेमकी 1 मीटर 5 सेंटिमीटर. भावानं फळ्यावर ऐटीत 1.5 लिहिलं. मग मी भिंतीवर 1.5 मीटरची रेघ मारली, चांगली 45 सेंटिमीटर वर, आणि विचारलं, ही तुझी बहीण का? वर्ग गप्प. तेवढ्यात मागून आवाज आला, "बाई, तुम्ही उभं राहा की तिथं." राहिले. माझी उंची चार फूट अकरा इंच, म्हणजे 149.86 सेंटिमीटर. रेघ माझ्या डोक्याच्या वर, जेमतेम दीड मिलिमीटर. बालवाडीतली पोरगी बाईंपेक्षा उंच निघाल्यावर जो कल्ला झाला, तो ऐकून शेजारच्या वर्गावरचे सर धावत आले. पण 1.05 त्या दिवसापासून कुणी चुकत नाही. माझी उंचीही कुणी विसरत नाही.

गृहपाठ दिला: घरातली एक वस्तू सेंटिमीटरमध्ये मोजून आणा. किती साधी गोष्ट! पण घरात सेंटिमीटर आहेच कुठे? 1956 चा मेट्रिक मापांचा कायदा होऊन इतकी वर्षं झाली तरी टीव्ही इंचात, प्लायवूड फुटात, आजीचं लुगडं वारात, गावाकडची जमीन गुंठ्यात. मीटर सापडतो तो शर्टाच्या कापडापुरता, आणि रिक्षात, तोही बंद. बहुतेकांनी गणिताचं पुस्तकच मोजून आणलं. शहाणी मुलं, पुस्तक घरी नेल्याचा पुरावाही झाला.

एकानं मात्र चादर मोजली होती. वडील यंत्रमागावर. साठ बाय नव्वद इंचाला 2.54 नं गुणून सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 152.4 सेंमी बाय 228.6 सेंमी. खाली वडिलांची सही, आणि सहीच्या वर एक ओळ: "बाई, हिशोब बरोबर आहे. पण चादर घ्यायला आलात तर ह्या मापात मागू नका."