खुलासा : शेतात निघालेली घोरपड मारणं गुन्हाच आहे

"स्वतःच्या शेतात घोरपड मारली तर गुन्हा नाही, आणि तिचं मटण कंबरदुखीवर रामबाण," असा मेसेज दिंडोरी-निफाडकडच्या ग्रुपांवर फिरतोय. दोन्ही गोष्टी साफ खोट्या आहेत.

घोरपड १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघ-बिबट्याच्या पंगतीत. सातबारा कुणाचाही असो. फासा लावणं, पकडायला बघणं हीसुद्धा शिकारच. शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. मटण घरात सापडलं तरी सुटका नाही.

कंबर बरी होते याला काडीचा आधार नाही. उलट सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला जंतू असतात. सोलताना ते हाताला, सुरीला लागतात, आणि जुलाब-तापाने हाल होतात ते घरातल्या लहान लेकरांचे.

द्राक्षबागेत ती दुभंगलेली जीभ लपलपवत फिरते ती किडे, उंदीर शोधत. म्हणजे आपलंच काम करते. तिची फुंकर विषारी असते, हेही खरं नाही. कोंडीत धरली तर मात्र शेपटीचा फटका देते, चावते. कुत्री बांधा, वाट मोकळी सोडा, ती निघून जाईल. विहिरीत पडली असेल तर वनविभागाला १९२६ वर फोन करा.